ओले सरपण

तर्कशास्त्राच्या पाठशाळेत विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी जो डोंगर दाखवतात, त्यावर नेहमी धूर असतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान आपल्या नैयायिकांनी शेकडो वर्षे शिष्यांकडून घोकून घेतले. पण ह्याच शास्त्रातला पुढचा पाठ तितकासा प्रसिद्ध नाही, आणि मला तो पहिल्यापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो. तो असा की, धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा पाहा. त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. मग धूर होतो तरी कशाने? अग्नीची ओल्या सरपणाशी गाठ पडली म्हणजे धूर होतो, असे उत्तर नैयायिक देतात. ह्या मधल्या अटीला त्यांनी नाव दिले ‘उपाधी’. मराठीत हाच शब्द पुढे कटकटीच्या अर्थाने रूढ झाला, तो काही अगदीच उगाच नव्हे.

एखाद्या देशाची हवा काळी का होते, ह्या प्रश्नावर हल्ली मोठमोठे अहवाल निघतात. सामान्य माणसाची समजूत मात्र सोपी असते. देश जितका अग्नी पेटवील तितका धूर त्याने गिळलाच पाहिजे; भरभराट हवी तर खोकला सोसा, असे पुष्कळांना मनापासून वाटते. इतिहास वाचताना मला मात्र असे वाटत आले आहे की, हा प्रश्न अग्नीचा नसून ओल्या सरपणाचा आहे. ते सरपण कोणते, ते बदलते केव्हा, आणि बदलण्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हे तीन प्रश्न विचारले तर काळ्या हवेचे रहस्य बरेचसे उलगडते. ह्या कामी इंग्लंडइतका उपयोगी देश दुसरा नाही. साडेसातशे वर्षांहून अधिक काळ दगडी कोळसा जाळून त्याने आपल्या वीजघरांतून तो अगदी अलीकडे हद्दपार केला. शिवाय ह्या गोष्टीचा एक फाटा आपल्या मुंबईपर्यंत आणि थेट चंद्रपूरपर्यंत येऊन पोचलेला आहे.

* * *

आधी धूर म्हणजे काय ते घरातल्याच उदाहरणाने पाहू. पणतीच्या ज्योतीवर थंड वाटी धरली की तिच्या बुडाला काजळ जमते. पूर्वी घरोघर डोळ्यांत घालायचे काजळ असेच धरीत. हे काजळ म्हणजे ज्योतीने अर्धवट खाल्लेले तेल. तेव्हा धुराचा पहिला प्रकार काजळीचा. तो जळणाऱ्या वस्तूइतकाच जाळण्याच्या रीतीवर अवलंबून असतो. दुसरा प्रकार गंधकाचा. दगडी कोळशात मुळातच थोडा गंधक असतो. कोळसा कितीही नीट जाळा, त्या गंधकाचा उग्र वायू होतोच, आणि दमट हवेत त्याचे तेजाब बनते. तिसरा प्रकार राखेचा; जो कोळसा मातीमिश्रित, त्याची राख जास्त. चौथ्या प्रकाराची गंमत अशी की, तो बहुतांशी सरपणातून येतच नाही. आच फार कडक झाली म्हणजे खुद्द हवेतल्या नत्रवायूचाच प्राणवायूशी संयोग होऊ लागतो. मोटारीच्या इंजिनात हेच घडते. म्हणजे सरपणाचा ओलेपणा एक नव्हे, चार तऱ्हांचा आहे. कार्बन डायऑक्साइड ह्या सर्वांहून निराळा. तो डोळ्यांना दिसत नाही, घशाला खवखवत नाही, आणि कोळसा, तेल वा वायू जाळला की कितीही स्वच्छ ज्योतीतून निघतोच. त्याची कथा मोठी आणि स्वतंत्र आहे. ह्या लेखात ती मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे.

आता हिशेब. एका घराचा धूर मोजायचा झाला तर पाच गोष्टी विचाराव्या लागतील. घरात माणसे किती? प्रत्येकासाठी रांधायचे किती? तेवढे रांधायला जाळ किती लागतो? त्या जाळाला सरपण कोणते? आणि वर धुराडे कसले? ह्या पाच आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्या घराचा धूर. देशाचा हिशेबही हाच. माणसे, त्यांची सुबत्ता, यंत्रांची काटकसर, इंधनाची जात आणि धूर गाळण्याची सोय, हे ते पाच आकडे. बेरीज नसून गुणाकार असल्यामुळे एक आकडा दुप्पट झाला की सारा धूर दुप्पट होतो. पण त्याचमुळे एक आकडा शून्याजवळ नेता आला, तर बाकीचे वाढले तरी फारसे बिघडत नाही. इंग्लंडचा इतिहास म्हणजे हे आकडे एकामागून एक हलवून पाहण्याचा साडेसातशे वर्षांचा खटाटोप होय.

* * *

इ. स. १२५७ साली इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री ह्याची राणी एलिनॉर नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात मुक्कामाला होती. गावात दगडी कोळसा जळत होता. त्याचा धूर सहन न होऊन राणीने मुक्काम हलवला आणि ती टटबरीच्या किल्ल्यात राहावयास गेली. धुरापायी घर सोडावे लागलेल्यांची यादी पुढे फार लांबली. इतिहासाला ठाऊक असलेले हे त्या यादीतले अगदी आरंभीचे नाव. राणीला दुसरा किल्ला होता. बाकीच्या गावाला नव्हता. नॉटिंगहॅम हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

लंडनला कोळसा येई तो उत्तरेकडल्या न्यूकॅसलहून, गलबतांत भरून. म्हणून त्याला ‘समुद्री कोळसा’ म्हणत. चुन्याच्या भट्ट्यांना तो सोयीचा पडे. शहरातून ओरड झाली तेव्हा पहिल्या एडवर्ड राजाने १३०६ च्या सुमारास त्याला बंदी घातली आणि भट्टीवाल्यांनी लाकूडफाटा वा लाकडी कोळसा वापरावा असे फर्मावले. आज्ञा कडक होती, पण लाकूड महाग होत चालले होते आणि कोळसा बंदरात स्वस्त पडला होता. भट्टीवाल्याने राजाचे ऐकायचे की आपल्या थैलीचे? आज्ञा दप्तरात राहिली आणि धूर आकाशात.

सोळाव्या शतकात जंगले विरळ झाली, लाकडाचे भाव चढले आणि मग कोळसा भट्टीतून घरात शिरला. ह्यासाठी घरांना विटांची धुराडी बांधावी लागली, कारण लाकडाचा धूर खोलीत सोसता येतो, कोळशाचा सोसत नाही. इ. स. १६०० च्या सुमारास लंडनची वस्ती २ लाखांच्या आसपास होती. १७०० पर्यंत ती ५ लाखांवर गेली, १८०१ साली ती सुमारे १० लाख भरली, आणि १९०१ मध्ये उपनगरांसकट ६५ लाख. हिशेबातला पहिला आकडा असा एकटाच तीनशे वर्षांत तीसपटींनी वाढला.

१६६१ साली जॉन ईव्हलिन नावाच्या विद्वान गृहस्थाने दुसऱ्या चार्ल्स राजाला ह्या धुराविषयी एक पुस्तिका सादर केली. तिचे नाव ‘फ्युमिफ्युजिअम’. दारू गाळणारे, रंगारी, चुना भाजणारे, साबण करणारे ह्या सर्वांना शहराबाहेर हलवावे आणि शहराभोवती सुवासिक झाडाझुडपांचे पट्टे लावावेत, असा त्याचा उपाय होता. पुढच्याच वर्षी जॉन ग्रॉंट ह्या व्यापाऱ्याने लंडनच्या मृत्युनोंदी तपासून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. खेड्यांपेक्षा लंडन अधिक रोगट का, ह्याचा विचार करताना त्याचेही बोट समुद्री कोळशाच्या धुराकडे गेले. दोघेही चतुर आणि प्रामाणिक होते. पण ईव्हलिनचा उपाय नीट पाहा. त्यात सरपण बदलण्यापेक्षा भट्टी हलवण्यावर भर आहे. माझ्या अंगणातला धूर दुसऱ्याच्या अंगणात गेला, की धूर गेला! ही कल्पना पुढे किती वेळा नवी म्हणून जन्माला आली, ते आपण पाहणारच आहोत.

मग यंत्रे आली. १७१२ साली टॉमस न्यूकोमेनने कोळशाच्या खाणीतले पाणी उपसण्यासाठी वाफेचा पंप उभा केला. कोळसा काढण्यासाठी कोळसा जाळायचा, असा तो मामला होता, आणि कोळशातली शेकडा ९९ उष्णता तो वाया घालवी. १७६९ साली जेम्स वॉटने आपल्या सुधारणेचे पेटंट घेतले आणि तेवढेच काम पूर्वीच्या मानाने तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या कोळशात होऊ लागले. आता कोळसा कमी जळणार आणि हवा निवळणार, असे कोणालाही वाटले असते. घडले उलटे. जे यंत्र पूर्वी फक्त खाणीच्या तोंडाशी परवडे, ते आता गिरणीत, पोलादाच्या कारखान्यात, रुळांवर आणि जहाजांत परवडू लागले. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स ह्या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली आपल्या कोळशावरील ग्रंथात ह्यावर नेमके बोट ठेवले. यंत्राची काटकसर वाढली की इंधनाचा खप घटत नाही, वाढतो. १९१३ साली ब्रिटनच्या खाणींतून सुमारे २९ कोटी टन कोळसा निघाला. तो त्यांचा उच्चांक. काटकसर हा गुण मोठा खरा, पण धुराच्या हिशेबात त्या एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही.

* * *

एकोणिसाव्या शतकात कायदे झाले नाहीत असे नाही. १८५३ साली लॉर्ड पामर्स्टनच्या पुढाकाराने लंडनच्या भट्ट्यांच्या धुराविरुद्ध कायदा झाला आणि १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यातही धुराचे कलम आले. पण सारे कायदे कारखान्याच्या धुराड्यापाशी थांबत. घराच्या उंबऱ्यावर कायदा चढला नाही. इंग्रज माणसाला आपली शेकोटी देव्हाऱ्यासारखी होती. दिवसभर थकून यावे, उघड्या कोळशासमोर पाय पसरून बसावे, मुलांनी भोवती जमावे, हेच त्याच्या घराचे घरपण. जॉर्ज ऑर्वेलसारख्या परखड लेखकानेही १९४५ साली ह्या उघड्या शेकोटीची कड घेणारा लेख लिहिला. अशा भावना थट्टेने घेऊ नयेत. आपल्याकडेही चुलीवरच्या भाकरीची चव सांगताना भले भले हळवे होतात. मात्र ती भाकरी भाजणारी कोण आणि तिचे डोळे कसे, हे सहसा कोणी विचारत नाही.

हिवाळ्यात लाखो शेकोट्या एकदम पेटत आणि टेम्सच्या खोऱ्यातल्या धुक्यात त्यांचा धूर कालवला जाई. ह्या मिश्रणाला १९०५ साली डॉ. देव्हॉ ह्यांनी ‘स्मॉग’ असे नाव दिले. त्याच सुमारास मोने हा फ्रेंच चित्रकार लंडनच्या त्या पिवळ्या-जांभळ्या धुरक्यावर लुब्ध होऊन चित्रांमागून चित्रे रंगवीत होता. १८७३ च्या डिसेंबरात मात्र तेच धुरके गुरांच्या प्रदर्शनातल्या जनावरांच्या फुप्फुसांत शिरले होते आणि कित्येक गुरे तेथेच दगावली होती.

सर्वांत भयंकर प्रसंग १९५२ सालचा. ५ डिसेंबर, शुक्रवार. थंडी कडाक्याची. एरवी जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची थंड असते, त्यामुळे धूर वर निघून जातो. त्या दिवशी उलट झाले. वरती उबदार हवेचे झाकण बसले आणि खालची थंड हवा भांड्यात कोंडावी तशी कोंडली गेली. वारा पडलेला. त्या झाकणाखाली घरे, आगगाड्या आणि वीजघरे मिळून रोज सुमारे १,००० टन काजळी सोडत होती. त्यात आणखी एक गोष्ट होती. युद्धाने कर्जबाजारी झालेले ब्रिटन आपला चांगला कोळसा परदेशी विकत होते आणि घरच्या माणसांना कोळशाचा चुरा देत होते. हा हलका चुरा १ डिसेंबरला, म्हणजे धुरके येण्याच्या अवघे चार दिवस आधी, रेशनमधून मुक्त करण्यात आला होता. स्वस्त म्हणून तो गरिबांच्या घरी पुष्कळ गेला. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर सरपण नेमके ओल्यात ओले होते.

९ तारखेपर्यंत लंडन आंधळे झाले. बसगाड्यांपुढे माणसे मशाली घेऊन चालली. एका नाट्यगृहात धुरके आत शिरून रंगमंच दिसेनासा झाला आणि संगीतिका अर्ध्यावर बंद करावी लागली. ह्या गमती वर्तमानपत्रांत आल्या. माणसे मात्र घरांत आणि इस्पितळांत मुकाट्याने मरत होती; मुख्यतः म्हातारी, तान्ही, आणि आधीच दमेकरी असलेली. तेव्हाच्या सरकारी हिशेबाने ४,००० माणसे जास्तीची मेली. पुढे अभ्यासकांनी त्यानंतरच्या महिन्यांच्या नोंदीही तपासल्या तेव्हा आकडा १२,००० च्या घरात गेला. भर राजधानीत इतकी माणसे जातात आणि देशाला ते मागाहून आकड्यांवरून कळते, हे धुराचे वैशिष्ट्यच आहे. पूर आला तर प्रेते दिसतात. धूर ज्याचा त्याच्या छातीत मारतो, आणि दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जातो.

सर ह्यू बीव्हर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचा अहवाल १९५४ साली आला. देशातला जवळजवळ निम्मा धूर घरगुती शेकोट्यांतून येतो, जरी कोळशाचा त्याहून पुष्कळच लहान हिस्सा तेथे जळतो, हे तिने स्वच्छ सांगितले. कारखान्याकडे बोट दाखवण्याची तीनशे वर्षांची सवय ह्या एका वाक्याने मोडली. १९५६ साली ‘स्वच्छ हवेचा कायदा’ मंजूर झाला. नगरपालिकांनी धूरबंदीचे विभाग आखायचे, तेथे घरातही काळा कोळसा जाळायचा नाही, असे ठरले. आणि मुख्य म्हणजे, शेकोटी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकार व नगरपालिका ह्यांनी उचलायचा.

एडवर्ड राजाच्या आज्ञेत आणि ह्या कायद्यात साडेसहाशे वर्षांचे अंतर आहे, पण खरा फरक वेगळाच आहे. राजाने फक्त मनाई केली होती. ह्या कायद्याने मनाई केली, पर्यायी सरपण दाखवले, आणि पदरचे पैसेही दिले. पुढे १९६५ साली उत्तर समुद्राच्या तळाशी नैसर्गिक वायू सापडला. १९६७ पासून दहा वर्षांत घरोघर माणसे पाठवून सुमारे ४ कोटी उपकरणे त्या वायूसाठी बदलण्यात आली. त्यानंतर शेकोटीसाठी कोणी रडले नाही. १९७० च्या मानाने आज ब्रिटनचा गंधकवायू शेकडा ९७ हूनही अधिक घटला आहे. ह्या काळात तेथील माणसे वाढली आणि त्यांची सुबत्ता दुपटीहून अधिक झाली. पाच आकड्यांपैकी पहिले दोन वाढले असताना गुणाकार जवळजवळ शून्यावर आला, तो प्रामुख्याने चौथ्या आणि पाचव्या आकड्यामुळे.

* * *

येथे गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल, आणि खरी राहणार नाही. कारण ईव्हलिनची युक्तीही ह्याच काळात नव्या वेषात वावरत होती. लंडनच्या बॅटरसी वीजघरात १९३० च्या दशकात धूर पाण्याने धुऊन गंधक काढीत. ते पाणी टेम्स नदीत सोडीत. हवा सुटली, नदी सापडली. पुढे वीजघरांना उंचच उंच धुराडी बांधण्याची चाल पडली. यॉर्कशरमधील ड्रॅक्सचे धुराडे तर २५९ मीटरांचे. आजूबाजूच्या गावांना वास येईना, सर्व खूष झाले. १९६७ साली स्वान्ते ओदेन ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ब्रिटनचा आणि मध्य युरोपचा गंधक वाऱ्यावर शेकडो मैल जाऊन स्कँडिनेव्हियात पावसातून तेजाब होऊन पडतो आणि तेथल्या तळ्यांतले मासे मरतात. धुराड्याची उंची वाढली म्हणजे धूर कमी होत नाही, शेजारी तेवढा बदलतो. ह्या तंट्यातून १९७९ साली जिनीव्हा येथे अनेक देशांचा करार झाला आणि मग वीजघरांना गंधक गाळणारी यंत्रे बसू लागली.

ह्याच कसोटीवर आता आपले घर पाहावे. मुंबईत १८५० च्या दशकात पहिली कापडगिरणी निघाली आणि अर्ध्या शतकात परळ-लालबागचे आकाश धुराड्यांनी भरून गेले. आरंभी त्या गिरण्यांची यंत्रे इंग्लंडची आणि कोळसाही पुष्कळ अंशी तिकडचाच. तेव्हा धूरही, म्हटले तर, विलायती. १९१२ साली मुंबई सरकारने धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. पण हवा बदलू लागली ती सह्याद्रीच्या पावसाने. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे पाणी अडवून ते सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीस सोडायचे आणि त्या धारेवर वीज करायची, ही जमशेटजी टाटांच्या मनातली योजना त्यांच्या मृत्यूनंतर १९१५ साली फळाला आली. गिरण्यांची चाके विजेवर फिरू लागली. लोखंडाच्या तप्त गोळ्यासारखीच ही शक्ती. तिला धूर नाही.

मात्र तिलाही उपाधी होतीच. विजेची मागणी वाढली आणि मुळशीला धरण बांधण्याचे ठरले. मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरे, देवळे आणि घरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. सत्याग्रही तुरुंगात गेले, धरण झाले, आणि १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईस पोचली. लालबागच्या कामगाराच्या छातीतला धूर कमी झाला हे चांगलेच झाले. त्याची किंमत मावळातल्या माणसाने दिली, आणि ती देशील का म्हणून त्याला कोणी विचारले नाही.

आज महाराष्ट्राची बरीच वीज विदर्भातल्या कोळशावर होते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही नावे आपण वीज गेली म्हणजेच ऐकतो. आपल्या कोळशात गंधक कमी, पण राख शेकडा ३० ते ४५. ती गाळणारी यंत्रे आहेत. तरी राखेचे ढीग आणि तळी मागे उरतातच. १९९९ साली चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरांची खास विद्युतवाहिनी सुरू झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॅट. अभियंत्यांचे हे काम अभिमानास्पद आहे. पण मला ती तार पाहिली की ड्रॅक्सचे धुराडे आठवते. ते उभे, ही आडवी, एवढाच भेद. इकडे बटण दाबले की दिवा लागतो, आणि दिव्याचा धूर तिकडे राहतो. २०१५ साली केंद्र सरकारने वीजकेंद्रांच्या गंधकवायूवर मर्यादा घातली. मुदती पुढे पुढे गेल्या, आणि २०२५ च्या जुलैत देशातल्या बहुसंख्य केंद्रांना गंधक गाळणारे यंत्र बसवण्यातून सूट मिळाली. कोळशात गंधक कमी आणि यंत्राचा खर्च भारी, हे सूट देणाऱ्यांचे म्हणणे. तो हिशेब रुपयांत बरोबर असेलही. पण रुपयांच्या हिशेबात श्वासाचा रकाना फार लहान असतो.

आणि आपली शेकोटी? बीव्हर समितीने इंग्रजांना जे सांगितले, ते आपल्यालाही लागू आहे. भारताच्या हवेतल्या बारीक काजळीचा मोठा वाटा घरच्या चुलींचा आहे. माझी आई चुलीपुढे फुंकणी घेऊन बसे तेव्हा तिचे डोळे सदा लाल असत, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला दर दिवाळीत पांढरी माती लावूनही मार्गशीर्षात ती काळी होई. घरात गॅस आला आणि भिंत पांढरी राहिली. २०१६ पासून ‘उज्ज्वला’ योजनेखाली १० कोटींहून अधिक घरांना गॅसची जोडणी मिळाली. काम मोठे झाले. पण सिलिंडर पुन्हा भरून आणण्याचा भाव जेथे जड जातो, तेथे चूल परत पेटते. चुना भाजणाऱ्या भट्टीवाल्याची थैली १३०६ साली जे सांगत होती, तेच ह्या घरातली थैली आज सांगते. त्या बाईला कोणी अडाणी म्हणू नये. तिचा हिशेब चोख आहे. तिच्या हातात सरपण कोणते पडते, ते ठरवणारे दुसरे आहेत.

* * *

२०१२ साली ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशावर होत होती. पुढच्या बारा वर्षांत कोळशावर चढता कर बसला, वायू आणि समुद्रावरचा वारा ह्यांनी त्याची जागा घेतली, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथले शेवटचे कोळशाचे वीजघर बंद झाले. १८८२ साली लंडनच्या होबर्न भागात एडिसनच्या कंपनीने पहिले सुरू केले होते. १४२ वर्षांचा हा व्यवहार त्या दिवशी पुरा झाला. हे शेवटचे वीजघर होते रॅटक्लिफ-ऑन-सोर येथे, म्हणजे नॉटिंगहॅमपासून काही मैलांवर. ज्या गावातून एलिनॉर राणी धुरापायी निघून गेली, त्या गावाला धूर निघून जाण्याची वाट ७६७ वर्षे पाहावी लागली.

त्याच दिवशी वेल्समध्ये पोर्ट टॅलबट येथील टाटांच्या पोलाद कारखान्यातली शेवटची झोतभट्टीही विझवण्यात आली. तेथे आता विजेची भट्टी येणार आहे. आणि त्याच महिन्यात, ओडिशातल्या कलिंगनगरला, त्याच घराण्याची नवी प्रचंड झोतभट्टी पेटली. आपल्याला पोलाद हवे, पूल हवेत, घरे हवीत. भट्टी पेटली ह्यात वाईट वाटण्याचे कारण नाही. हिशेबातले पहिले दोन आकडे आपल्याकडे वाढणारच, आणि गरीब देशात दुसरा तर वाढलाच पाहिजे. राहतात ते पुढचे तीन. ते आपोआप बदलत नाहीत, हे इंग्लंडने सात शतके खोकून सिद्ध केले आहे. परवडणारे सरपण, पाळला जाणारा कायदा आणि बदलाचा खर्च वाटून घेण्याची तयारी ह्या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथेच धूर गेला. एखादी जरी कमी पडली, तरी तो फक्त हलला. म्हणून कोणत्याही गावाची हवा स्वच्छ झाल्याची वार्ता आली, की टाळी वाजवण्यापूर्वी एवढे विचारावे: धूर विझला की गाव बदलून गेला? आणि गेला असेल, तर त्या गावाचे नाव काय?